नीतीचा बाजार आणि बाजाराची नीती

३ जानेवारी २००६ रोजी वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात जॅक अ‍ॅब्रामॉफ नावाच्या एका राजकीय दलालाने फसवणूक, करचुकवेगिरी आणि सरकारी पदाधिकाऱ्यांना लाच देण्याचा कट असे तीन गुन्हे कबूल केले. त्यानंतर अमेरिकेतील परंपरावादी वर्तुळातून एकच सूर निघू लागला : आढीतला एक आंबा नासला, तो काढून फेकला, आता आढीला नावे ठेवण्याचे कारण नाही. हा युक्तिवाद जितका सोयीचा तितकाच खोटा आहे. अ‍ॅब्रामॉफ हा रिपब्लिकन पक्षाच्या उजव्या राजकारणाला अपघाताने चिकटलेला भामटा नव्हता. त्या राजकारणाच्या अंगाखांद्यावरच तो वाढला होता. त्याच्या प्रकरणात जे गुन्हा ठरले त्याहून जे गुन्हा ठरलेच नाही ते अधिक भयंकर होते. आणि त्यानंतरच्या काळात त्या देशाने गुन्ह्याला आळा घालण्याऐवजी गुन्ह्याची व्याख्याच आखूड करून टाकली, हे या साऱ्या प्रकरणाचे खरे तात्पर्य होय.

१९८१ साली, रेगन यांनी अध्यक्षपदाची सूत्रे घेतली त्याच वर्षी, अ‍ॅब्रामॉफ हा रिपब्लिकन पक्षाच्या महाविद्यालयीन संघटनेचा राष्ट्रीय अध्यक्ष झाला. ग्रोव्हर नॉर्क्विस्ट आणि राल्फ रीड हे त्याचे तेव्हाचे सहकारी. पुढे नॉर्क्विस्ट यांनी करविरोधाची संघटना काढली आणि कोणत्याही करवाढीला मत देणार नाही अशी लेखी शपथ ते रिपब्लिकन उमेदवारांकडून घेऊ लागले. रीड हे १९८९ पासून पॅट रॉबर्टसन यांच्या ‘ख्रिश्चन कोअ‍ॅलिशन’चे सूत्रधार झाले आणि चर्चमधील भाविकांना त्यांनी मतदारसंघांत बांधले. एकाने बाजाराचा मंत्र उचलला, दुसऱ्याने बायबल आणि तिसऱ्याने हिशेबाची चोपडी! १९९४च्या नोव्हेंबरात चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृह रिपब्लिकन पक्षाच्या हाती आले आणि अ‍ॅब्रामॉफ लागलीच लॉबिंगच्या धंद्यात उतरला. लॉबिंग म्हणजे कायदे करणाऱ्यांकडे गिऱ्हाइकाची वकिली करण्याचा नोंदणीकृत व्यवसाय. वॉशिंग्टनमधील ‘के स्ट्रीट’ ही या व्यवसायाची पेठ. प्रतिनिधिगृहातील नेते टॉम डीले आणि नॉर्क्विस्ट यांनी या पेठेला बजावले की, येथे नोकऱ्या मिळतील त्या आमच्याच माणसांना आणि देणग्या येतील त्या आमच्याच पेटीत. सरकार कमी करा असे जनतेला सांगणाऱ्यांनी सरकारच्या दारात असा आपला जकातनाका उभारला.

या नाक्यावर काय विकले जात होते, हे पाहण्यासाठी प्रशांत महासागरातील सायपान बेटावर जावे लागते. उत्तर मारियाना हा अमेरिकेचा प्रदेश. परंतु संघीय किमान वेतनाचा आणि स्थलांतराचा कायदा तेथे लागू नव्हता. अमेरिकेत किमान वेतन ताशी ५ डॉलर १५ सेंट असताना तेथे ते ३ डॉलर ५ सेंट होते. चीन आणि इतर आशियाई देशांतील तरुणी नोकरीसाठी दलालांना हजारो डॉलर देऊन, म्हणजे कर्जबाजारी होऊनच, तेथील कापड-शिवणीच्या कारखान्यांत येत. त्यांनी शिवलेल्या कपड्यांवर मात्र ‘अमेरिकेत तयार’ अशी चिठ्ठी लागे आणि ते जकातीवाचून अमेरिकेच्या बाजारात जात. हा अपवाद टिकवून धरण्यासाठी तेथील सरकारने अ‍ॅब्रामॉफच्या पेढीला लाखो डॉलर मोजले. काँग्रेस-सदस्य, त्यांचे मदतनीस आणि उजव्या विचारपीठांचे पंडित यांच्या सायपानच्या सहली निघाल्या. स्वतः डीले १९९७च्या अखेरीस तेथे जाऊन आले आणि हे बेट म्हणजे मुक्त भांडवलशाहीचा आदर्श प्रयोग आहे असे प्रशस्तिपत्र त्यांनी दिले. २००० साली फ्रँक मुरकोव्स्की या रिपब्लिकन सिनेटरचेच सुधारणेचे विधेयक सिनेटने एकमताने संमत केले. प्रतिनिधिगृहात ते तसेच कुजले. किमान वेतनाचा कायदा त्या बेटाला लागू होण्यास २००७ साल उजाडावे लागले. वस्त्रव्यापारावरील आंतरराष्ट्रीय कोटा २००५ साली संपताच भांडवलाने तेथून काढता पाय घेतला आणि २००९ साली शेवटचा कारखाना बंद पडला. या मधल्या वर्षांत बुडालेल्या मजुरीसाठी कोणालाही तुरुंगात जावे लागले नाही. कारण ती बुडवणे हेच तेथील धोरण होते.

सायपानमध्ये बाजाराचे तत्त्व विकले गेले, तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या प्रकरणात धर्म विकला गेला. १९८८च्या कायद्याने या आदिवासी जमातींना आपल्या भूमीवर जुगारगृहे चालविण्याची रीतसर चौकट मिळाली. शतकानुशतके नागवल्या गेलेल्या काही जमातींच्या हाती प्रथमच पैसा खेळू लागला आणि त्या पैशाच्या वासाने अ‍ॅब्रामॉफ तेथे पोहोचला. डीले यांचा माजी मदतनीस मायकेल स्कॅनलन याच्या कंपनीला या जमातींनी तीन वर्षांत सुमारे ६ कोटी ६० लाख डॉलर दिले. त्यातील दोन कोटींहून अधिक डॉलर गुपचूप अ‍ॅब्रामॉफच्या खिशात गेले. ज्यांचे अन्न तो खात होता त्यांचा उल्लेख त्याच्या खासगी पत्रव्यवहारात ‘माकडे’ आणि ‘मूर्ख’ असा होत असे.

येथे रीड यांचा प्रवेश होतो. जुगार हे पाप आहे असे ते सांगत आले होते. लुइझियानाच्या कूशाटा जमातीला शेजारच्या टेक्सासमधील स्पर्धा नको होती. मिसिसिपीच्या चॉक्टॉ जमातीला अलाबामात नवा जुगार नको होता. मग या जमातींचे पैसे आडवाटेने, कधी स्कॅनलनच्या कंपनीतून तर कधी नॉर्क्विस्ट यांच्या करविरोधी संस्थेतून, रीड यांच्या मोहिमांपर्यंत पोहोचले आणि चर्चच्या व्यासपीठांवरून जुगाराविरुद्ध जागृती सुरू झाली. १९९९ साली अलाबामात शिक्षणासाठी निधी उभारणाऱ्या राज्य लॉटरीचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला, त्या प्रचारातही हा पैसा होता. टेक्सासमधील एल पासो येथे तिग्वा जमातीचे जुगारगृह २००२च्या फेब्रुवारीत बंद पडले. राज्याने त्याविरुद्ध दावा लावला होताच; त्याला धार्मिक लोकमताचा रेटा देण्याचे काम रीड यांच्याकडे होते. लगोलग अ‍ॅब्रामॉफ त्याच तिग्वांच्या दारी उपस्थित झाला आणि जुगारगृह पुन्हा उघडून देण्याच्या मोहिमेसाठी स्कॅनलनच्या कंपनीला ४२ लाख डॉलर देण्यास त्याने त्यांना भाग पाडले. आग लावणारानेच पाण्याचे पैसे मागावेत, तशातला हा प्रकार! जुगाराचे उत्पन्न आपल्यापर्यंत येणार नाही अशी हमी आपल्याला मिळाली होती, असा खुलासा रीड यांनी केला. त्यांच्यावर खटला झाला नाही. २००६ साली जॉर्जियातील पक्षांतर्गत निवडणुकीत ते पडले आणि २००९ साली श्रद्धेच्याच नावाने नवी संघटना घेऊन परत आले. खरी फसवणूक झाली ती रविवारी चर्चमध्ये बसून या मोहिमेवर मनापासून विश्वास ठेवणाऱ्या साध्या भाविकांची. त्यांची श्रद्धा अस्सल होती, म्हणूनच तिला बाजारात भाव होता. दंभ हा या राजकारणाचा केवळ दोष नव्हे. ते त्याचे भांडवल आहे.

यानंतर काही जण तुरुंगात गेले हे खरे. अ‍ॅब्रामॉफ गेला, ओहायोचे काँग्रेस-सदस्य बॉब ने यांना स्कॉटलंडमधील गोल्फची सहल आणि इतर भेटी भोवल्या. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाचे रँडी कनिंगहॅम यांनी संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांकडून २४ लाख डॉलरची लाच घेतल्याचे कबूल केले. २०२१च्या जानेवारीत अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफीही देऊन टाकली. डीले यांच्यावर टेक्सासमध्ये निवडणूक निधीच्या गैरव्यवहाराचा वेगळा खटला चालला. २०१० साली ते दोषी ठरले. परंतु अपिलात ती शिक्षा रद्द झाली. घडले ते कायद्यात बसत नाही, असे न्यायालयाला वाटले. सारे मर्म या एका वाक्यात आहे.

कारण पुढच्या काळात नेमके हेच धोरण बनले. २०१०च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरविले की, कंपन्यांनी निवडणुकीत स्वतंत्रपणे केलेल्या खर्चावर बंधन घालणे म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर घाला. व्हर्जिनियाचे रिपब्लिकन गव्हर्नर बॉब मॅकडोनेल यांनी एका उद्योजकाकडून १ लाख ७५ हजार डॉलरहून अधिक किमतीच्या भेटी आणि कर्जे घेतली होती. २०१६ साली न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली, कारण बैठका जुळवून देणे हे कायद्याच्या अर्थाने ‘अधिकृत कृत्य’ नव्हे! २०२४ साली इंडियानातील एका महापौराला कचऱ्याच्या गाड्यांचे कंत्राट दिल्यानंतर त्या कंपनीकडून मिळालेल्या १३ हजार डॉलरच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, काम झाल्यावर दिलेली बक्षिशी या संघीय लाचविरोधी कायद्यात मोडत नाही. आधी दिली तर लाच, नंतर दिली तर कृतज्ञता!

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, डेमोक्रॅटिक पक्षाचे लोकही धुतल्या तांदळासारखे नाहीत. नाहीतच. न्यू जर्सीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरात सोन्याच्या विटा सापडल्या आणि २०२५च्या जानेवारीत त्यांना अकरा वर्षांची शिक्षा झाली. समाजवाद्यांना कोणत्याही भांडवली पक्षाचे वकीलपत्र घेण्याचे कारण नाही. परंतु चोरी करणारा आणि चोरीलाच तत्त्वज्ञान म्हणून शिकविणारा यांत फरक करावाच लागतो. दुसरा आक्षेप असा की, अ‍ॅब्रामॉफचे बिंग फोडणाऱ्या सिनेट समितीचे नेतृत्व जॉन मॅकेन या परंपरावादी रिपब्लिकन सिनेटरनेच केले. हेही मान्य. मात्र त्याच मॅकेन यांनी फाइनगोल्ड यांच्यासमवेत २००२ साली करून घेतलेल्या निवडणूक निधी कायद्याचे एक महत्त्वाचे कलम २०१०च्या त्या निकालाने रद्दबातल केले, आणि तो निकाल देणारे पाचही न्यायमूर्ती रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. व्यक्तीची सचोटी व्यवस्थेपुढे किती टिकते, याचे याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात गूढ काहीच नाही. २००४ साली अमेरिकेने परदेशांत साठविलेला नफा मायदेशी आणणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा दर एका वर्षापुरता ३५ टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. कॅन्सस विद्यापीठातील अभ्यासकांनी २००९ साली हिशेब मांडला : या सवलतीसाठी लॉबिंगवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे कंपन्यांना सुमारे २२० डॉलरचा करलाभ झाला. कोणता कारखाना, कोणती शेती एवढा परतावा देते? जेथे कायदा विकत घेणे यंत्र विकत घेण्यापेक्षा किफायतशीर असते, तेथे भांडवल कायद्याकडेच वळणार. २०२४ साली एकट्या संघीय पातळीवर नोंदलेला लॉबिंगचा खर्च चार अब्ज डॉलरच्या पुढे होता. सरकार आकसले की दलाल आपोआप नाहीसे होतील, हा उजव्यांचा सिद्धांत येथे उताणा पडतो. आकसते ते मजुराला संरक्षण देणारे सरकार, कंपन्यांना सवलत देणारे सरकार नव्हे.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे असे महाराष्ट्राने तरी समजू नये. नियंत्रणमुक्तीच्या प्रचारासाठी राल्फ रीड यांना सल्लागार म्हणून पोसणाऱ्या कंपनीचे नाव होते एन्रॉन. धाकट्या बुश यांच्या राजकीय कारकिर्दीची ती एक प्रमुख आश्रयदाती. दाभोळ प्रकल्पासाठी भारतीयांच्या ‘शिक्षणा’वर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे याच कंपनीच्या अधिकारी बाईंनी १९९५ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले, ती लाच नव्हती, असा खुलासा कंपनीने केला. गुहागर तालुक्यातील वेलदूर-अंजनवेलच्या गावकऱ्यांनी आणि मृणालताई गोरे यांच्यासारख्या समाजवादी नेत्यांनी या ‘शिक्षणा’चा अर्थ फार आधी ओळखला होता. लाठ्या खाल्ल्या त्यांनी, महागड्या विजेचा भुर्दंड पडला राज्याच्या वीज मंडळावर, आणि २००१च्या डिसेंबरात दिवाळे काढून कंपनी मोकळी झाली.

म्हणून कार्यकर्त्यांनी अशा प्रकरणांकडे केवळ तेथील पुढाऱ्यांच्या अधःपाताच्या चुरस कथा म्हणून पाहू नये. नीतीचा घोष ऐकू येईल तेथे पहिला प्रश्न विचारावा : या सभेच्या मांडवाचे पैसे कोणी दिले? दुसरा प्रश्न : या पुण्यकर्माने कोणाची स्पर्धा संपते, कोणाची मजुरी बुडते? आणि एखादा अ‍ॅब्रामॉफ पकडला गेला म्हणून टाळ्या वाजवून घरी जाऊ नये. तुरुंगातून सुटलेला तो गृहस्थ २०२० साली पुन्हा गुन्हेगार ठरला, आणि या वेळच्या आरोपांत लॉबिंगच्या नोंदणीच्या ज्या कायद्याचा भंग होता, तो कायदा त्याच्याच पहिल्या प्रकरणानंतर कडक करण्यात आला होता. माणूस तोच राहिला, कारण बाजार तोच राहिला. आंबा बदलून भागत नाही. आढीच उपसावी लागते.