मृगाचा पहिला धडा

परवा मृग लागला. बंगळूरच्या पावसाने मात्र पंचांगाची वाट पाहिली नव्हती; मे महिन्यातच संध्याकाळच्या वळवांनी येथील रस्ते धुऊन काढले होते. नव्या वह्यापुस्तकांचे हे दिवस. अशा वेळी आमच्या आठ वर्षांच्या मुलीस गावाहून आजीचे पत्र आले. मृग बरसला, पेरण्या सुरू झाल्या, एवढाच मजकूर. शाळेत हिंदी असल्यामुळे तिने अक्षरे बिनचूक वाचली आणि विचारले, "बाबा, मृग म्हणजे हरीण ना? ते कसे बरसेल?"

आम्हांस हसू आले नाही. लिपी कळली, आजी कळली नाही!

आम्ही केंद्रीय सेवक एकत्र जमलो की या दुःखाचे आरोपी ठरलेले असतात. पहिला आरोपी बदली, दुसरा केंद्रीय विद्यालय, तिसरा कन्नड. आमचे म्हणणे असे की तिघेही निर्दोष आहेत.

बदलीच्या नोकरीतील लोकांच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून १९६३ मध्ये केंद्रीय शाळा सुरू झाल्या. ते काम त्या करीत आहेत. मृग म्हणजे काय, हे सांगण्याचा पत्कर त्यांनी कधीच घेतला नव्हता. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे १९५६ मध्ये संविधानात आलेले ३५० अ हे कलम सांगते, हेही खरे. परंतु आमचे एक घर जयनगरात, दुसरे कोरमंगलात, तिसरे येलहंक्यात. शाळेचा वर्ग भरावयाचा कोठे? आणि समजा, उद्या मराठी शाळा दारात उभी राहिली, तरी आपल्यापैकी किती जण इंग्रजी शाळेतून मुलाचे नाव काढतील? उत्तर ज्याचे त्याने मनाशी द्यावे.

राहिली कन्नड. २०१५ च्या कायद्याने ती येथील शाळांत शिकविली जाते, आणि ते योग्यच आहे. ज्या मातीचे पाणी प्यावे तिची भाषा शिकावी. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले ते कन्नड काव्यासाठी. एका भाषेने दुसरीची जागा अडते, ही कल्पना आळशी माणसाची आहे. आमच्या मुलीस मृगाचा अर्थ अखेर कोणी समजाविला? शेजारच्या कन्नड अज्जींनी! त्यांच्याकडेही रोहिणी, मृगशिरा, आर्द्रा अशाच नक्षत्रांनी पाऊस मोजतात. परक्या म्हटलेल्या भाषेने आमचा शब्द सांभाळला आणि तो आम्ही, बाप असून, हरवून बसलो.

शहाजीराजांची जहागीर या बंगळूरात होती, हे आम्ही दर गणेशोत्सवात व्यासपीठावरून सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आम्ही कचेरीत पेढे वाटले. पण वर्गणी गोळा करावयास दहा जण निघतात आणि मुलांना तासभर शिकवावयास एकही मोकळा नसतो, हे कसे? 'तीन वर्षांनी बदली होणार, कशाला खटाटोप?' असे जे म्हणतात, त्यांना आमचे विचारणे एवढेच की तीन वर्षांत मूल आठाचे अकराचे होते. ती वर्षे बदलीच्या हुकुमाने परत मिळतात काय?

म्हणून आम्ही अर्जविनंत्यांचा नाद सोडावा आणि दर रविवारी कोणाच्या तरी घरी तासभर शिकवावे. पाठ्यपुस्तकाची वाट पाहू नये. पाऊस हेच पुस्तक घ्यावे. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, तेवढ्यात एक धडा. मृगात पेरणी शिकवावी. पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' का म्हणतात, ते मुलांनी आजीस पत्राने विचारावे. सप्टेंबरअखेर हस्त लागेल, तेव्हा बंगळूरचाही पाऊस भरात असेल. खिडकीतून दिसणारा पाऊस आणि वहीतील पाऊस त्या दिवशी एक होतील.

परमुलखात मराठी शिकविणे हे सरकारचे काम नव्हे, ते आमचे आहे. आजीचे वय झाले आहे. तिच्या पत्रास नातीचे उत्तर, नातीच्याच हातचे, याच पावसाळ्यात गेले पाहिजे.