सुकाणू दोघांनाही यायला हवं

गेल्या पावसाळ्यात आमच्या ह्यांना अचानक दवाखान्यात हलवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही." पण मी घाबरले ते वेगळ्याच कारणानं. काउंटरवर विम्याचे कागद मागितले आणि ते घरात कुठे ठेवलेत, हेच मला ठाऊक नव्हतं! बचत गटातल्या बायकांना पासबुक वाचायला शिकवणारी मी, स्वतःच्या घराबाबत मात्र कोरी पाटी निघाले.

हे बरे होऊन घरी आले. त्याच दिवसांत लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याविषयी वाचनात आलं. ती अमेरिकन, तो कॅनडाचा. १९६८ साली त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतः बांधलेली शिडाची लाकडी बोट पाण्यात सोडली. नाव सेराफिन. लांबी जेमतेम चोवीस फूट. इंजिन नाहीच. समुद्रात वारा आणि बंदरात लांब वल्हं, एवढाच आधार. या बोटीत त्यांनी अकरा वर्षं संसार केला. मेक्सिको, इंग्लंड, भूमध्य समुद्र असे किनारे पालथे घातले. पैसे संपले की बंदरात थांबायचं. त्यानं सुतारकाम करायचं, तिनं लिहायचं. पुढे १९८३ मध्ये दुसरी बोट आली, तॅलेसिन. २००२ साली त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा, वादळांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या केप हॉर्नचा वळसा पार केला, तेव्हा बोट एकोणीस वर्षांची होती आणि लॅरीनं साठी ओलांडली होती.

लाकडी होडी जुनी होऊ लागली की किती डागडुजी मागते, ते किनाऱ्यावरच्या मैत्रिणींना सांगायला नको. पण मला भावलं ते वेगळंच. बोटीवर माणसं दोनच. रात्री एकानं झोपायचं, दुसऱ्यानं पहारा करायचा. म्हणजे तो झोपलेला असताना बोट पूर्णपणे तिच्या हाती! वारा फिरला, समोरून जहाज आलं, तर निर्णय तिचाच. तिला शीड, सुकाणू, नकाशा काहीच कळत नसतं, तर त्याला डोळा लागला असता का?

आपल्या घरात काय चित्र असतं? "बँकेचं हेच बघतात." किती कौतुकानं सांगतो आपण! माझ्या कामात अशा कितीतरी बायका भेटतात, ज्यांना नवऱ्याच्या माघारी कळतं की घरावर कर्ज होतं. कुणाला ठेवीची पावती सापडत नाही, कुणाच्या खात्याला वारसाचं नावच लावलेलं नसतं. दुःख करायलाही सवड मिळत नाही, कागदांमागे धावावं लागतं.

विचारायचा संकोच असतो, हे खरं. "मी असं विचारलं तर त्यांना वाटेल, मी वाईट चिंततेय." मलाही तसंच वाटायचं. पण घरातलं माहीत असणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास नव्हे. उलट त्यालाही निर्धास्त झोप लागते.

आणि हो, दुसरी बाजूही आहेच. आपण आजारी पडलो तर भाताचा कुकर लावण्यापासून सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळांपर्यंत घरातल्या पुरुषाला काय काय येतं? त्यालाही ते यायलाच हवं.

लॅरी पार्किन्सन्सनं आजारी पडला आणि २०२० साली गेला. लिनचं दुःख कमी झालं नसेल. पण त्यानंतरही तिचा समुद्र सुटला नाही, कारण बोट हाकणं तिला येत होतं.

आम्ही एक साधी वही केली आहे. खाती, विमा, कर्ज, घरपट्टी, कुणाकडून येणं, कुणाचं देणं. पहिल्या दिवशी हे जरा गप्प होते. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच म्हणाले, "अगं, पोस्टातलं खातं लिहायचं राहिलं."

मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारचा चहा झाला की तुम्हीही एक वही काढा.