कपडे वाळले, पण काम झालं का?

मागच्या थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आमच्या ड्रायरने राम म्हटला. घर घेतलं तेव्हा घराबरोबरच आलेला, त्यामुळे नक्की वय माहीत नाही. फिरायचा व्यवस्थित, पण गरम व्हायचा नाही. न्यू जर्सीतला नोव्हेंबर, घरात तीन वर्षांची मुलगी आणि सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आलेली आई. दोन दिवसांत बेसमेंटमधल्या सगळ्या खुर्च्यांवर आणि जिन्याच्या कठड्यावर कपडे लटकले. आईला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. बाहेर दोरी बांधायचीही तिची तयारी होती, पण आमच्या सोसायटीच्या नियमांत ते बसत नाही.

इथे ड्रायर दोन जातींचे असतात. एक पूर्ण विजेवर चालणारा, त्याला २४० व्होल्टचा वेगळा प्लग लागतो. दुसरा गॅसवर चालणारा. त्याचं पिंप फिरवायला नेहमीचा १२० व्होल्टचा प्लग पुरतो, पण हवा तापते ती आतल्या गॅसच्या ज्योतीवर. आमच्याकडे गॅसची लाईन आधीच होती, म्हणून नवीनही गॅसचाच मागवला. मागवताना "गॅसची जोडणी करून हवी का?" असा एक चौकोन होता. त्याचे वेगळे पैसे. मी म्हटलं, एक पाईप काढायचा, एक पाईप लावायचा. त्यासाठी माणूस कशाला? चौकोन रिकामा सोडला.

शनिवारी दुपारी ड्रायर आला. आणणारे लोक तो बेसमेंटमध्ये ठेवून, जुना उचलून निघून गेले. मी दोन पाने घेतले, भिंतीजवळचा व्हॉल्व्ह बंद केला आणि कामाला लागलो. जुना फ्लेक्सिबल कनेक्टर नव्या ड्रायरला अगदी बरोबर बसला. मागचा हवेचा नळ, तो चकचकीत फॉइलचा, तोही बसला. ड्रायर भिंतीला टेकेपर्यंत मागे ढकलला, बटण दाबलं. चाळीस मिनिटांत टॉवेल कोरडे आणि गरमागरम! बायकोला वर हाक मारून दाखवलं. मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. दोन अंगठेही आले :)

रविवारी सकाळी आई धुण्याची बादली घेऊन बेसमेंटच्या जिन्याने उतरत होती. अर्ध्यावरच थांबली आणि ओरडली, "अरे, गॅसचा वास येतोय काय रे?"

मी वरूनच म्हटलं, "आई, मशीन नवीन आहे ना, त्याचा असेल."

"नव्या मशीनला सिलिंडरचा वास येतोय होय?"

तिने दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. बादली तिथेच पायरीवर ठेवली, वर आली, नातीला उचललं आणि स्वेटर घालत थेट अंगणात. कोल्हापुरात चाळीस वर्षं सिलिंडरवर स्वयंपाक केलेली बाई. तिला कुठलं मॅन्युअल वाचावं लागलं नाही. आम्ही दोघं तिच्या मागोमाग चपलांवर बाहेर आलो आणि तिथून गॅस कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन केला.

थोड्या वेळाने त्यांचा माणूस मीटर घेऊन आला. गळती मिळायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी परत वापरलेल्या जुन्या कनेक्टरच्या टोकाला. त्याने व्हॉल्व्ह बंद केला, ड्रायरला लाल चिठ्ठी अडकवली आणि मला फक्त एकच प्रश्न विचारला, "जोडल्यावर तपासलं होतं का?"

मी म्हटलं, "चालत होता."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला माझीच लाज वाटली. आमच्या टीममध्ये कोणी नवीन मुलगा "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणाला की मी पंधरा मिनिटं भाषण देतो. चालणं ही टेस्ट नाही, चुकलं तर काय दिसेल ते आधी सांग, वगैरे. आणि घरी, त्याच बेसमेंटमध्ये वॉटर हीटर आणि फर्नेसच्या ज्योती पेटत असताना, मी टॉवेल कोरडे झाले म्हणून काम संपलं असं ठरवलं होतं.

या लेखात मला सांगायचंय ते एवढंच. ड्रायरचं काम कपडे वाळवणं. तो बसवण्याचं काम वेगळं, आणि ते नीट झालं की नाही हे कपड्यांवरून कळत नाही. गॅस गळत असला तरी कपडे वाळतात. धूर घरात शिरत असला तरी वाळतात. नळात तंतूंचा गठ्ठा साठत असला तरी बरेच महिने वाळतात. तिन्ही चुका मुक्या आहेत. त्यांना बोलतं करायला मुद्दाम काहीतरी करावं लागतं.

वासाचंच बघा. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ ला टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत जमिनीखाली साठलेला गॅस पेटला आणि जवळजवळ तीनशे जण गेले, बहुतेक मुलं. कोणालाही वास आला नव्हता, कारण वास नव्हताच. त्यानंतर टेक्ससने गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा केला. आज अमेरिकेत नियम असा आहे की हवेतला गॅस पेटण्याच्या किमान प्रमाणाच्या एक पंचमांश असतानाच सर्वसाधारण नाकाला कळला पाहिजे. म्हणजे ती एक टेस्टच आहे, आपल्यासाठी आधीच लिहून ठेवलेली. पण नाक फसतं. शनिवारी मलाही जरासा वास आला होता. पाईप सोडवताना थोडा गॅस निघणारच, असं मी स्वतःला समजावलं आणि थोड्या वेळाने वास यायचा थांबला. वास गेला नव्हता, नाक सरावलं होतं. आई दुसऱ्या दिवशी ताजं नाक घेऊन आली.

पुढच्या शनिवारी मी ते काम परत केलं, पण आधी टाऊनशिपच्या ऑफिसात फोन करून परवानगी लागते का ते विचारलं. हे प्रत्येकाने विचारा, कारण नियम गावोगाव वेगळे आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये तर परवानाधारक माणसाशिवाय गॅसच्या कामाला हात लावता येत नाही. भाड्याच्या घरात असाल तर प्रश्नच नाही, ते घरमालकाचं काम.

कनेक्टर नवा घेतला. हा पाईप एकदाच वापरायचा असतो. एकदा वळवून बसवला की सोडवताना आणि परत वळवताना त्याला चिरा जाऊ शकतात. जुन्या घरांत अजून बिनआवरणाचे पितळी कनेक्टर सापडतात. ते तर नुसते हलवल्यानेही तुटू शकतात, त्यामुळे त्यांना आपण हातच लावू नये. जोडही दोन प्रकारचे असतात. निमुळत्या आट्यांच्या जोडाला गॅससाठीची पिवळी टेप किंवा पेस्ट लागते. कनेक्टरच्या टोकाचा फ्लेअर जोड मात्र धातूवर धातू घट्ट बसून बंद होतो. त्याला टेप लावायची नसते, लावली तर उलट तो नीट बसत नाही. आणि आवळताना दोन पाने, एकाने धरायचं आणि एकाने फिरवायचं, म्हणजे भिंतीतला पाईप पिळला जात नाही.

मग तपासणी. व्हॉल्व्ह उघडला आणि प्रत्येक जोडावर गळती तपासायचं फेसाचं द्रावण लावलं. बुडबुडे आले तर गळती. व्हॉल्व्ह बंद, परत जोडा, परत तपासा. आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. "आमच्याकडे साबणाचं पाणी लावतात," ती म्हणाली. तेच ते. काडी पेटवून बघणारे महाभाग दोन्ही देशांत आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी मुकी चूक हवेची. फॉइलचा जुना नळ मी ड्रायर ढकलताना चेपून टाकला होता. त्याच्या जागी चार इंची कडक धातूचा नळ आला. जोडांवर धातूची टेप लावली, स्क्रू नाहीत, कारण आत आलेल्या टोकांवर तंतू अडकतात. नळ घराबाहेरच निघाला पाहिजे. ज्योतीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असू शकतो आणि त्याला ना रंग ना वास. इथे आईचं नाकही उपयोगाचं नाही, अलार्मच हवा. नंतर ड्रायर चालू करून मी बाहेर गेलो आणि भिंतीवरची झडप पूर्ण उघडते का, हाताला जोरदार हवा लागते का ते पाहिलं. दोन मिनिटांचं काम.

तिसरी तंतूंची. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांच्या आधारे काढलेला अंदाज असा की घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागतात आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे साफसफाई न करणं. जाळी प्रत्येक वेळी, नळ वर्षातून एकदा. माझ्या कॅलेंडरमध्ये आता तसा रिमाइंडर आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्या कटकटीपेक्षा दीड-दोनशे डॉलर देऊन मोकळं का होऊ नये? जरूर व्हा. पण माणूस बोलावला म्हणून तपासणी आपोआप होत नाही. तो फेस लावतोय का ते उभं राहून बघा, नाही लावला तर सांगा. आणि स्वतः करणार असाल तर आधी स्वतःला विचारा, चुकलं तर मला कसं कळेल? याचं उत्तर नसेल, तर पाना खाली ठेवा.

आई मे महिन्यात परत गेली. तिथे पोचल्यावर पहिल्याच फोनवर म्हणाली, "इथं कपडे दोन तासांत वाळतात. वासबीस काय नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. मग तिने विचारलं, "जाळी साफ करतोस ना?"

त्या दिवशीची राहिली होती. फोन ठेवला आणि बेसमेंटमध्ये गेलो.