लघुपटांची सूची कोणी करावयाची?

मराठी लघुकथेच्या इतिहासाचा शोध घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला आरंभ कोठून करावा, असा पेच पडत नाही. नियतकालिकांच्या जुन्या फायली आहेत, कथासंग्रह आहेत, प्रातिनिधिक संकलने आहेत. आणि या सर्वांच्या मुळाशी शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीसारखे चिकाटीचे काम आहे. १८०० ते १९५० या दीड शतकातील मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद त्यांनी दोन भागांत केली. लघुपट, अॅनिमेशनपट आणि म्युझिक व्हिडिओ यांच्या अभ्यासकाला या तोडीचा आधार भारतीय भाषांत मिळत नाही. एखाद्या महोत्सवात दिसलेला, एखाद्या स्नेह्याने सुचविलेला किंवा घरच्या पडद्यावर आपोआप पुढे आलेला लघुपट, एवढीच त्याची सामग्री. ज्या विद्याशाखेचा पायाच सूचीवर उभा आहे, तिने या बाबतीत योगायोगावर विसंबून राहावे, ही गोष्ट खचितच भूषणावह नाही.

हा प्रकार नवा असल्यामुळे नोंदी झाल्या नाहीत, असेही म्हणता येत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आला. त्यापूर्वीच, १९१२ साली, दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते हे थोडे थोडे चित्रित करून एक चिमुकला चित्रपट तयार केला होता. पुढे आगपेटीतील काड्यांना हालचाल देऊन त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ दाखविली. म्हणजे भारतात लघुपट आणि अॅनिमेशन यांचा जन्म कथापटाच्या बरोबरीनेच झाला. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. तिच्या कार्टून विभागाचे काम १९५६ च्या सुमारास सुरू झाले आणि १९५७ मध्ये जातककथेवर आधारलेला ‘द बनियन डिअर’ तयार झाला. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ १९७४ चा; दूरदर्शनमुळे तो एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात राहिला.

परंतु या पूर्वेतिहासाने एक विपरीत संस्कारही केला. चित्रगृहांना मुख्य खेळाआधी सरकारमान्य अनुबोधपट दाखविणे अनेक दशके बंधनकारक होते. जे न मागता समोर येते त्याचा शोध घेण्याची सवय कोणाला लागत नाही. मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी जागा शोधण्याचा अवधी, एवढेच लघुपटाचे स्थान प्रेक्षकाच्या मनात ठरून गेले. प्रमोद पती यांचा ‘आबिद’ (१९७२) हा या उपेक्षेचा बोलका दाखला होय. आबिद सुरती या कलावंताला खोली रंगविताना दाखविणारा आणि जिवंत माणसाला एकेका चित्रचौकटीने हलविणारा हा लघुपट अॅनिमेशनच्या इतिहासात गौरविला जातो. परंतु सुरती हे गुजराती आणि हिंदी या दोन्ही भाषांतील लेखक आहेत. द्वैभाषिक लेखनाच्या अभ्यासकाला हा लघुपट सापडावयाचा तर त्याची नोंद लेखकाच्या नावाखालीही हवी. चित्रपटसूची वर्ष, दिग्दर्शक आणि विषय यांना धरून चालते. साहित्याच्या अभ्यासकाला ज्या वाटेने यावयाचे असते ती वाट तेथे बहुधा आखलेली नसते.

ही वाट नसल्यामुळे नेमके काय हातचे जाते, हे दोन-तीन कृतींवरून स्पष्ट होईल. नागराज मंजुळे हे मूळचे कवी. त्यांच्या ‘पावसाचा निबंध’ (२०१७) या लघुपटात शाळकरी मुलाला पावसावर निबंध लिहावयाचा असतो आणि त्याचे घर गळत असते. मराठी पाठ्यपुस्तकांनी आणि शालेय निबंधाने पावसाची जी एक रमणीय भाषा रूढ केली, तिच्यावर एवढे नेमके भाष्य समीक्षाग्रंथांतही विरळाच आढळेल. निबंध हा साहित्यप्रकार कोणाच्या अनुभवाला जागा देतो आणि कोणाच्या अनुभवाला देत नाही, हा प्रश्न या लघुपटाने उभा केला आहे. दिग्दर्शनासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी निबंधाच्या इतिहासात मात्र त्याची दखल घेणे अद्याप कोणाला अगत्याचे वाटलेले दिसत नाही.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’ (२००५) मध्ये घरात पिठाची गिरणी येते. आरंभी हरखून गेलेल्या मुलाचे बालपण पुढे त्याच यंत्राच्या घरघरीखाली दबत जाते. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. दळणाऱ्या बाईला जात्याने कंठ दिला होता, हे त्या संग्रहावरून कळते. गिरणीने दळणाचे कष्ट हलके केले आणि त्यासोबत तो कंठही थांबविला. ओवीच्या अभ्यासकाने हा लघुपट पाहिला, तर ओवी जेथे संपते तेथून पुढचा अध्याय त्याला सापडेल. तो पाहिलाच नाही, तर अभ्यास जात्यापाशीच थांबेल.

तिसरे उदाहरण भाषांच्या सीमेवरचे आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना चिदानंद नाईक यांनी ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ हा कन्नड लघुपट केला आणि २०२४ साली कान महोत्सवाच्या विद्यार्थी-विभागात त्याला पहिले पारितोषिक मिळाले. एक म्हातारी गावातला कोंबडा पळविते आणि गावावर सूर्य उगवेनासा होतो, ही त्यामागची कन्नड लोककथा. मराठी माणसाला लगेच आठवण होते ती ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ या म्हणीची. शेजारच्या दोन भाषांत एकाच कल्पनेची दोन टोके आहेत. म्हण म्हाताऱ्या बाईच्या हट्टाला व्यवहाराचे उत्तर देते. कथा त्या हट्टाला सृष्टी थांबविण्याचे सामर्थ्य देते. तौलनिक अभ्यासाला याहून चांगला आरंभबिंदू कोणता हवा? तथापि स्थळानुसार केलेल्या नोंदीत हा लघुपट पुण्याचा ठरेल आणि भाषेनुसार केलेल्या नोंदीत कन्नड. मराठी म्हणीपर्यंत त्याला आणून पोहोचविणारी नोंद कोणाच्याच यादीत असणार नाही.

म्युझिक व्हिडिओकडे तर अभ्यासक जाहिरातीचा एक प्रकार म्हणूनच पाहतात. २०२१ साली आलेले ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गीत या समजाला छेद देते. अरिवू आणि धी यांनी गायिलेल्या या गीतात मृतासाठी गावयाच्या ओप्पारी या विलापगीतांचा आधार आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून भूमिहीनच परतलेल्या पिढीची स्मृती आहे. त्याच्या कर्तृत्वाविषयी २०२२ साली संबंधित कलावंतांत जाहीर मतभेद झाले. मौखिक परंपरेतून उचललेल्या शब्दांचा कर्ता कोण, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. त्यांचे मत येथे उपयोगी पडले असते. पण ज्या गीताची त्यांच्या शास्त्रात नोंदच नाही, त्याविषयी त्यांना विचारणार कोण?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लघुपट ही दृश्यकला आहे, ती साहित्य नव्हे. सत्यजित राय यांच्या ‘टू’ (१९६४) मध्ये संवाद नाहीत. गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) मध्ये आगपेट्यांवरच्या चित्रांतून एका वृद्धेचे स्वप्नविश्व शब्दांवाचून उलगडते. आक्षेप रास्त आहे आणि त्यातून मर्यादाही ठरते. सर्वच लघुपट साहित्यविभागांनी आपलेसे करण्याचे कारण नाही. जेथे एखाद्या भाषेची बोली, म्हण, गीत, कथा किंवा साहित्यप्रकार कृतीच्या घडणीत सहभागी आहे, तेवढेच क्षेत्र त्यांचे. हे क्षेत्रही लहान नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: आज सारेच घरबसल्या पाहता येते, मग सूची कशाला? परंतु उपलब्ध असणे आणि सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पडद्यावर शिफारस करणारी यंत्रणा पूर्वी जे पाहिले त्याच्याच जातीचे बहुधा पुढे करते. मराठी पाहणाऱ्याला मराठी मिळत राहते, तमिळ पाहणाऱ्याला तमिळ. तौलनिक दृष्टीला नेमके याच्या उलट हवे असते. शिवाय आज दिसणारी कृती उद्या तेथे असेलच, याची हमी नाही. विद्यार्थ्याने केलेल्या लघुपटाची प्रत हरवली, म्हणजे त्यात ऐकू येणारी एखाद्या तालुक्याची बोलीही हरवते. ग्रंथाच्या दहा प्रती दहा ग्रंथालयांत राहू शकतात. स्वतंत्रपणे, पदरच्या पैशाने केलेल्या लघुपटाला तेवढेही संरक्षण नसते.

फिल्म्स डिव्हिजन आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचे काम २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आले आहे. चित्रपटांचे जतन ही त्या यंत्रणेची जबाबदारी. भाषेचे भान ठेवून त्यांची नोंद करणे ही भाषाविभागांची. प्रत्येक विद्यापीठातील भाषाविभागाने आपल्या भाषेपुरती सूची आरंभिली तरी पुरे. वर्ष, कालावधी आणि दिग्दर्शक यांच्या जोडीला भाषा व बोली, आधारभूत कथा किंवा गीत, संवादलेखक, आणि कृती कोठे पाहिली ते स्थळ, एवढी माहिती तीत असावी. उपशीर्षकांच्या अनुवादकाचे नावही अवश्य असावे. परभाषिक प्रेक्षकापर्यंत लघुपट पोहोचतो तो याच अनामिक अनुवादकाच्या शब्दांतून, आणि अनुवादाच्या अभ्यासाने त्याला आजवर ओळख दिलेली नाही.

हे काम मोठ्या निधीवाचून अडत नाही. हिंदी चित्रपटगीतांचा कोश कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी स्वतःच्या चिकाटीने सिद्ध केला. आज चित्रपटगीतांच्या अभ्यासकाचे त्यावाचून चालत नाही. त्या वेळी चित्रपटगीताला साहित्यविभागांत फारशी प्रतिष्ठा नव्हती. ती येईपर्यंत ते थांबले असते, तर कित्येक गीतांच्या नोंदी करण्याजोगे पुरावेच उरले नसते. लघुपटाच्या बाबतीतही प्रतिष्ठेची वाट पाहत बसण्यापेक्षा पहिली शंभर नोंदपत्रे लिहून काढणे अधिक श्रेयस्कर ठरेल.