खुर्ची आणि पंगत

बँकेत तीसेक वर्षे खुर्चीवर बसलो. खुर्चीपायी होणारी भांडणेही पाहिली. निवृत्तीनंतर नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात लंगरच्या पंगतीत मांडी घातली. उठताना गुडघे अडून बसले, तेव्हा शेजारच्या ट्रकचालकाने हात दिला.

म्हणूनच जालंधरची घटना मनातून जात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या मॉडेल टाऊन गुरुद्वारात वृद्धांसाठी ठेवलेल्या खुर्च्या अमृतपालसिंग यांच्या समर्थकांनी मोडून जाळल्या. गुरु ग्रंथसाहिबांसमोर खुर्चीवर बसणे म्हणजे अनादर, असे त्यांचे म्हणणे.

वाद जुनाच. लंगरमधल्या टेबल-खुर्च्यांवरून कॅनडातल्या सरे येथे जानेवारी १९९७ मध्ये मारामारी झाली होती. एप्रिल १९९८ मध्ये अकाल तख्ताने हुकूमनामा काढला, की लंगर जमिनीवर बसूनच घ्यावा. लंगरपुरते मला ते पटते. राव-रंक, जात-पात विसरून सर्वांनी एका पातळीवर जेवावे, यासाठीच तर ती पंगत! (आपल्याकडे पंगतीतच जाती कळत, हे सोडा.)

पण दरबारात ग्रंथसाहिब उंच आसनावर, चांदव्याखाली विराजमान असतात. मागे भिंतीशी खुर्चीत टेकलेली आजीबाई त्यांची बरोबरी कशी करणार? गुडघे वाकत असते, तर तीही खालीच बसली असती.