शिकवणाऱ्याला कोण तपासणार?

ऑगस्ट २०१६. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील लोडाय शहराजवळ अकॅम्पो नावाचे गाव आहे. तिथल्या पॅराशूट केंद्रावर अठरा वर्षांचा एक तरुण आयुष्यातली पहिली हवाई उडी घ्यायला गेला. अनुभवी माणूस सोबत असतो, काळजीचे कारण नाही, या विश्वासाने तो विमानात बसला. ज्या प्रशिक्षकाच्या छातीशी त्याला बांधले होते, तो त्याच उन्हाळ्यात दक्षिण कोरियातून अमेरिकेत आला होता आणि त्याच केंद्रावर टँडम, म्हणजे पाहुण्याला छातीशी बांधून घ्यायच्या, उडीच्या प्रशिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन कामाला लागला होता. त्या उडीत एकही पॅराशूट नीट उघडले नाही आणि दोघेही गेले. चौकशीत पुढे आलेली गोष्ट अपघाताहूनही गंभीर होती. कोरियन प्रशिक्षकाला ज्याने शिकवले, त्या परीक्षकाची पात्रता वर्षभरापूर्वीच निलंबित झाली होती. तरीही तो शिकवण्या घेत होता, उमेदवारांकडून पैसे घेत होता आणि प्रमाणपत्रांच्या कागदांवर दुसऱ्याच परीक्षकाची सही वापरत होता.

या प्रकरणाचा निकाल लागायला आठ वर्षे गेली. २०२१ मध्ये त्या परीक्षकावर आरोपपत्र आले. २०२४ मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि दोन वर्षांची कैद झाली. गुन्हा कोणता? आर्थिक फसवणूक आणि दुसऱ्याची ओळख चोरणे. अपात्र माणसाने प्रशिक्षक घडवणे हा जणू स्वतंत्र गुन्हाच नव्हता, म्हणून कायद्याला सहीच्या चोरीवरून त्याच्यापर्यंत पोहोचावे लागले. साहसी खेळांच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने या एका बाबीपाशी थांबायला हवे.

टँडम उडीत नेमके काय घडते हे पाहिले की प्रशिक्षकावर किती भार असतो ते कळते. पाहुण्याच्या पट्ट्यांना प्रशिक्षकाच्या पट्ट्यांशी जोडणारे चार हूक असतात, दोन खांद्यांपाशी आणि दोन कमरेपाशी. विमानात चढण्यापूर्वी, वर गेल्यावर आणि दरवाजा उघडण्याआधी हे हूक हाताने चाचपून पाहायचे असतात. कमरेच्या बाजूचे पट्टे सैल राहिले तर पॅराशूट उघडतानाच्या झटक्याने पाहुणा हार्नेसमधून निसटू शकतो. बाहेर पडल्यावर शरीरे स्थिर करून प्रशिक्षक ड्रोग नावाचे छोटे पॅराशूट मागे सोडतो. ते सुटले नाही तर दोन माणसांच्या वजनाने वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास जातो. ते सुटले की वेग दोनशेच्या आत येतो आणि मुख्य पॅराशूट सुरक्षितपणे उघडता येते. ते साधारण पाच हजार फुटांवर उघडायचे. उघडले नाही किंवा दोऱ्या गुंतल्या, तर ते तोडून टाकायचे आणि राखीव पॅराशूट काढायचे. ठरावीक उंचीच्या खालीही वेग जास्तच राहिला तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र असते, पण तो शेवटचा उपाय. कोणते हँडल आधी, कोणते नंतर आणि कोणत्या प्रसंगी कोणत्याला हातच लावायचा नाही, हा निर्णय काही सेकंदांत घ्यायचा असतो.

यातले काहीही त्या पाहुण्याच्या हाती नसते. त्याला उडीपूर्वी मिळालेली माहिती पाय कसे उचलायचे आणि मान कशी मागे टाकायची एवढ्यापुरतीच असते. समोरच्या प्रशिक्षकाने आणीबाणीचा सराव शेवटचा कधी केला, त्याची परीक्षा कोणी घेतली, परीक्षा घेणाऱ्याला तो अधिकार होता का, हे विचारण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी नसते आणि असण्याची अपेक्षाही नाही. ग्राहकाला ज्या गोष्टीची पारख करता येत नाही, तिची पारख त्याच्या वतीने कोणीतरी करायला हवी. हे काम व्यवस्थेचे आहे.

अमेरिकेत व्यवस्थाच नाही असे मुळीच नाही. टँडम प्रशिक्षकाकडे किमान तीन वर्षांचा अनुभव, ५०० उड्या, मान्यताप्राप्त संघटनेचा सर्वोच्च परवाना आणि पॅराशूट बनवणाऱ्या कंपनीचे किंवा मान्य अभ्यासक्रमाचे प्रशिक्षण असले पाहिजे, असे तिथला केंद्रीय हवाई नियम सांगतो. राखीव पॅराशूट १८० दिवसांच्या आत सरकारी प्रमाणपत्र असलेल्या कारागिराने पुन्हा घडी केलेले असावे लागते. ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठी त्या कारागिराने देखरेखीखाली किमान वीस पॅराशूटच्या घड्या घातलेल्या असाव्या लागतात. वैमानिकाचा परवाना तर सरकारच देते. म्हणजे विमान चालवणारा सरकारने तपासलेला आणि राखीव पॅराशूटची घडी घालणाराही सरकारने तपासलेला. माणसाला छातीशी बांधून दरवाजातून बाहेर पडणारा प्रशिक्षक मात्र खासगी संघटना आणि कंपन्यांनी तपासायचा. पात्रतेच्या अटी सरकारने लिहिल्या, त्या पूर्ण झाल्या की नाही हे पाहण्याचे काम दुसऱ्यावर सोपवले.

अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने या कामात कुचराई केली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने त्या परीक्षकाला निलंबित केले होते. पण तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे आणि सदस्य नसलेले केंद्रही कायदेशीररीत्या चालू शकते. संघटनेने काढून घेतलेल्या अधिकारामागे कायद्याचे बळ नव्हते, म्हणून निलंबित माणूस निलंबनानंतरही नवे प्रशिक्षक घडवू शकला. अपघातानंतर त्याच्याकडून शिकलेल्या इतरांची पात्रताही तपासावी लागली. एक नालायक प्रशिक्षक त्याच्याबरोबर उडणाऱ्यांना धोक्यात टाकतो. नालायक परीक्षक त्याने घडवलेल्या प्रत्येक प्रशिक्षकामार्फत, त्याच्या नजरेच्या कितीतरी पल्याड, धोका पेरत राहतो. म्हणून देखरेखीची सर्वांत कडक नजर परीक्षकावर हवी.

यावर खेळातल्या जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. हा खेळ वाटतो तितका जीवघेणा नाही, असे ते म्हणतात. अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा मृत्यू नोंदले गेले. १९७० च्या दशकात उड्या कितीतरी कमी असूनही वर्षाला चाळीसच्या वर मृत्यू होत. ही प्रगती सरकारी अधिकाऱ्यांनी नव्हे, तर खेळाडूंनी आपल्या शिस्तीने, सुधारलेल्या साधनांनी आणि अपघातांचे अहवाल उघडपणे मांडून घडवली, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. आज अनेक मृत्यू पॅराशूट बिघडल्याने होत नाहीत. नीट उघडलेल्या पॅराशूटखाली, जमिनीजवळ घेतलेल्या चुकीच्या वळणामुळे होतात. खेळ जाणणाऱ्यांना दूर सारून केवळ फायलींतून सुरक्षा येणार नाही.

पण याच युक्तिवादातून आमचा मुद्दा अधिक पक्का होतो. प्रगती झाली ती मानके पाळणाऱ्यांमुळे. प्रश्न न पाळणाऱ्यांचा आहे आणि ऐच्छिक व्यवस्थेची पकड नेमकी त्यांच्यावरच नसते. पुष्कळ ठिकाणी टँडम प्रशिक्षकाला पगार नसतो, उडीमागे पैसे मिळतात. हवामान बिघडून सकाळ वाया गेली की दुपारी भरपाईची घाई होते. एका विमानातून उतरायचे, दुसऱ्या पाहुण्याला पट्टे चढवायचे आणि पुन्हा वर जायचे. चार हूक तीनदा चाचपण्याचा नियम अशा दिवशीच मोडतो. चांगला प्रशिक्षक त्या घाईतही थांबतो, कारण त्याला तसे घडवलेले असते. वाईट व्यवस्थेत थांबणाऱ्याचे उत्पन्न बुडते आणि धावणाऱ्याला काम मिळते. प्रामाणिक केंद्रांचे हित जपायचे असेल तरी मानके सर्वांना सक्तीची हवीत.

आणि केवळ प्रशिक्षकापुरते पाहूनही भागत नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांवरील डिलिंगहॅम धावपट्टीवर जून २०१९ मध्ये स्कायडायव्हिंगचे विमान कोसळून अकरा जण मरण पावले. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने वैमानिकाच्या आक्रमक उड्डाणाला दोष दिला. त्याचबरोबर अशा उड्डाणांवरील सरकारी देखरेखीची चौकट अपुरी असल्याचेही नोंदवले. मंडळ त्याआधी २००८ पासून ही चौकट घट्ट करण्याची शिफारस करत होते. न्यूझीलंडमध्ये फॉक्स ग्लेशियर येथे सप्टेंबर २०१० मध्ये असेच विमान पडून नऊ बळी गेले. त्या देशाने पुढच्याच वर्षी पैसे घेऊन हवाई साहस घडवणाऱ्या व्यावसायिकांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्राचा नियम लागू केला. ब्रिटनमध्ये खेळाडूंची संघटनाच प्रशिक्षकांना परवाने देते, पण ती विमान वाहतूक प्राधिकरणाच्या मान्यतेने काम करते आणि प्राणघातक अपघाताची चौकशी करते. खेळाडूंचे ज्ञान आणि सरकारचे बळ एकत्र आणता येते, हे या देशांनी दाखवून दिले आहे.

हे सारे मराठी वाचकाला दूरचे वाटू नये. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि अनेक मराठी मुलामुलींच्या मनात या खेळाची ओढ निर्माण झाली. आग्र्याची सैनिकी पॅराशूट प्रशिक्षण परंपरा जुनी आणि नावाजलेली आहे. पण सैन्याबाहेरच्या हौशी माणसाला परवाना मिळवायचा तर तो बहुधा अमेरिका, स्पेन, थायलंड किंवा दुबई गाठतो. देशात टँडम उड्यांची केंद्रे आणि मोसमी शिबिरे वाढत आहेत. म्हणजे मागणी आहे, पैसा आहे, उत्साहही आहे आणि घरचे, कायद्याने बांधलेले मानक उभे राहण्याआधीच बाजार उभा राहतो आहे.

त्याची किंमत काय असते, तेही आपण पाहिले आहे. २०१४ मध्ये तमिळनाडूत सेलमजवळ उडी घ्यायला गेलेल्या बंगळुरूच्या तरुणीचा पॅराशूट न उघडल्याने मृत्यू झाला. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात पेडणे तालुक्यातील केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा नेपाळी चालक दरीत कोसळून मरण पावले. तो व्यवसाय बेकायदा चालत असल्याचे पोलिसांनी सांगितले. पॅराग्लायडिंग हा वेगळा खेळ, साधने वेगळी. पण गोष्ट तीच आहे. पैसे मोजून परक्या माणसावर जीव सोपवला आणि त्या माणसाला व त्याच्या मालकाला आधी कोणी तपासले नव्हते. अपघातानंतर गुन्हा दाखल होतो, चार दिवस बंदी येते, मोसम आला की पुन्हा तंबू लागतात.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यात जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारांतील आयोजकांना नोंदणी सक्तीची केली. हे पाऊल योग्य होते. केंद्राच्या पर्यटन खात्यासोबत साहसी पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेने तयार केलेली २०१८ ची मार्गदर्शक सूत्रेही आहेत. पण सूत्रांना सक्ती नाही. आणि आयोजकाची नोंदणी झाली म्हणजे त्याच्याकडे आज हजर असलेला प्रशिक्षक पात्र आहे असे होत नाही. रस्त्यावरच्या रिक्षाचालकाला प्रवासी बसवण्यासाठी परवाना आणि बॅज लागतो. दहा हजार फुटांवरून माणसाला घेऊन उडी मारणाऱ्याची ओळख त्याहून ढिली असता कामा नये.

१९३४ च्या विमान कायद्याची जागा जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. त्याखालचे नियम नव्याने घडवण्याची ही संधी आहे. केंद्र सरकार आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. टँडम प्रशिक्षक आणि परीक्षकांची एकच राष्ट्रीय नोंदवही असावी, कोणाही नागरिकाला ती मोबाइलवर पाहता यावी आणि निलंबन झाले की त्याच दिवशी तिथे दिसावे. परदेशी संघटनेचे कार्ड मान्य करायचे तर मूळ संघटनेकडून खातरजमा झाल्यावरच. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच माणूस नसावा, परीक्षकाचा त्या केंद्राच्या कमाईत वाटा नसावा. निलंबित असताना शिकवणे किंवा प्रमाणपत्र देणे हा स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा ठरावा. परवाना एकदा मिळाला की कायमचा, असे नसावे. ठरावीक काळात किती उड्या झाल्या आणि आणीबाणीचा सराव केव्हा झाला, यावर त्याचे नूतनीकरण अवलंबून असावे.

अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात या दोन्हींची सक्तीची नोंद व्हावी आणि चौकशीचे अहवाल प्रसिद्ध व्हावेत. या खेळाने जगभर जी प्रगती केली ती चुका लपवून नव्हे, सांगून केली. केंद्रांनी पाहुण्यांकडून सही करून घेतलेले ‘जबाबदारी आमची नाही’ छापाचे फॉर्म हलगर्जीपणाची ढाल ठरू नयेत. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याने अन्याय्य कराराची संकल्पना मान्य केली आहे. तिचा आधार घेऊन ही गोष्ट नियमांतच लिहून टाकावी.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या पर्यटन खात्यांना दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. नोंदणी देताना आयोजकाच्या नावासोबत प्रत्येक प्रशिक्षकाचे नाव, पात्रता आणि मुदत लिहून घेता येते. मोसम सुरू होण्यापूर्वी आणि मोसमाच्या ऐन गर्दीत अशी दोनदा अचानक तपासणी करता येते, खेळातले अनुभवी लोक आणि निवृत्त सैनिकी प्रशिक्षक त्या पथकात घेता येतात. तरुणांनी आकाशात झेप घ्यावी, मनातली भीती जिंकावी, हे आम्हाला मनापासून हवे आहे. त्यासाठीच पुढच्या मोसमाआधी दोन्ही राज्यांनी आपापल्या हद्दीतील हवाई साहसाच्या प्रत्येक प्रशिक्षकाची यादी जाहीर करावी आणि ज्याचे नाव त्या यादीत नाही त्याला एकही पाहुणा घेऊन उडू देऊ नये.