रद्दीत गेलेली पेटी

दोस्तांनो, म्युझियम म्हटलं की आपल्यातल्या निम्म्यांना जांभई येते. ती पोट भरलेल्यांची करमणूक, आपला तिथं काय संबंध, असं परवाच्या बैठकीत एक जण म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. घरी पोचेस्तोवर माझी मलाच लाज वाटली. म्हणून हे लिहितोय. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

मी भिवंडीच्या एका गिरणीत रातपाळी करतो. एका सुट्टीला झोप सोडून भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलो. १८७२ साली उघडलेली इमारत. १९७५ पर्यंत नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. तिथं काचेच्या कपाटात मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. मुंबईच्या जातीजमाती, त्यांचे पेशे, त्यांची पागोटी. कारागिरी अशी की डोळा हटत नाही. पण ती माणसं नाहीतच, ते जातींचे नमुने आहेत. शेतीच्या आणि उद्योगाच्या मालाचे नमुने साहेबानं जसे मांडले, तशीच माणसं मांडली. काचेला नाक लावून मी बराच वेळ उभा होतो. वाटलं, माझा आजा या कपाटात असता तर त्याला जात चिकटवली असती. नाव नसतं.

हे झालं त्यांचं. आता आपलं बघू.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप खणला. त्या टेकाडाला गावचे लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. टोपल्या विणणाऱ्याचा राजवाडा! आत दगडी पेटी निघाली, तीत डब्यात डबे, तथागताच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे. ते एशियाटिक सोसायटीकडे गेले. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा फोर्टातल्या मोठ्या म्युझियममध्ये ठेवला आहे. भाषणात आपण अशोकाचं नाव शंभर वेळा घेतो. विरारची गाडी पकडून स्तूप बघितलेले हात वर करा बरं. मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

राजगृहाचं तसंच. ७ जुलै २०२० ला तिथं तोडफोड झाली. आपलं रक्त खवळलं, खवळायलाच पाहिजे होतं. पण आदल्या दिवसापर्यंत आपल्यातल्या किती जणांनी त्या घराच्या खालच्या खोल्यांत पाय ठेवला होता? बाबासाहेबांच्या वस्तू डोळ्यांनी किती जणांनी पाहिल्या होत्या? परळच्या बीआयटी चाळीतल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या, जिथं ते १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले, त्यांच्या खालून आपण रोज जातो. मान वर होत नाही.

इंदू मिलच्या जागेसाठी आपले लोक ६ डिसेंबर २०११ ला आत घुसले. ती लढाई खरी होती. २०१५ साली भूमिपूजन झालं. पुतळा ३५० फुटांचा ठरला. मला पुतळ्याचं वावडं नाही. पण पुतळा बोलत नाही, पेटी बोलते.

कुठली पेटी? ऐका. माझा आजा परळच्या एका गिरणीत रिंगखात्यात होता. त्याची पत्र्याची पेटी होती. गिरणीचा बिल्ला, १९८२ च्या संपातले कागद, 'प्रबुद्ध भारत'चे अंक, आणि त्यानं स्वतः रचलेल्या भीमगीतांच्या चार वह्या. तो गेला तेव्हा मी चौदा वर्षांचा. खोलीत जागा नव्हती. पेटी डोक्यावर घेऊन रद्दीवाल्याकडं मीच गेलो. किलोच्या भावानं दिली. आलेल्या पैशाचा वडापाव खाल्ला. आज मी कविता लिहितो. लोक विचारतात, तुझ्यात हे आलं कुठून? मला सांगता येत नाही. उत्तर मी खाऊन बसलोय.

हे पाप मनुवाद्यानं केलं नाही. मी केलं. तुमच्याही घरात चालू आहे.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं महापालिकेनं ठरवलं. तिथं धोटाही ठेवतील. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे, म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्याची दारं आपल्याला बंद होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. धोट्याखालच्या पाटीवर हे लिहिणार कोण? आपण जाऊन मागितलं नाही, तर 'धोटा, लाकडी' एवढंच लिहिलं जाईल. थुंकी पुसून टाकतील.

कुणी म्हणेल, भाकरीचा प्रश्न सोडून हे काय काढलंस? बाबा रे, ज्याच्याजवळ पुरावा नाही त्याची भाकरीही उद्या खोटी ठरवतात. आणि पैसा लागतो हे कारण सांगू नका. नागपूरजवळ चिचोलीत वामनराव गोडबोल्यांनी बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर जिवापाड जपले. त्यांच्यामागं कुठला संस्थानिक उभा होता?

तेव्हा काम सांगतो. महिन्यातून एक सुट्टी काढा. पोरांना घेऊन एक जागा बघा, आणि तिथली पाटी वाचून आपलं काय गाळलंय ते वहीत उतरवा. तिथल्या अंमलदाराला पत्र टाका. दुसरं, वस्तीच्या विहारात एक कपाट मागा. जलशाची ढोलकी, बिल्ला, दीक्षेच्या वेळची पांढरी साडी, जुने अंक, जे असेल ते ठेवा. खाली चिठ्ठी लावा: माणसाचं नाव, गाव, साल, काम. म्हाताऱ्या आया अजून बोलतायत तोवर त्यांचं बोलणं फोनवर धरून ठेवा.

त्यांच्या कपाटात आपली जात आहे. आपल्या कपाटात आपली नावं पाहिजेत.

घरी गेल्यावर माळा बघा. रद्दीवाला रविवारी येतो.

जयभीम.